सात टक्क्यांचे गणित आणि लक्षद्वीपचे कुरण

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ साली ठराव करून १ मार्च हा 'जागतिक सागरी गवत दिन' ठरवला. ठरावासाठी श्रीलंकेने पुढाकार घेतला होता. तेव्हापासून मार्च जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, माहितीपत्रकांत आणि विज्ञान मंडळांच्या भित्तिपत्रकांवर सागरी गवताचा विषय दिसू लागतो. प्रवाळ आणि तिवरे यांच्यामागे इतकी वर्षे झाकल्या गेलेल्या या वनस्पतींकडे लोकांचे लक्ष वळले, हे चांगलेच झाले. तरीही हा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. सगळीकडे तीच तीन विधाने फिरत असतात. जगातील सागरी गवत दरवर्षी सात टक्क्यांनी घटत आहे, म्हणजे दर अर्ध्या तासाला फुटबॉलच्या एका मैदानाएवढे नाहीसे होते, हे पहिले. हे गवत वर्षावनांपेक्षा पस्तीस पट वेगाने कार्बन शोषून घेते, हे दुसरे. आणि तिसरे म्हणजे, कासव, मासे, समुद्रगाय आणि गवत यांचे सहजीवन इतके सुरेख आहे की कासव वाचवले की कुरण वाचते आणि कुरण वाचवले की कासव.

ही विधाने फळ्यावर लिहिली जातात आणि तिथून वह्यांत उतरतात, म्हणून ती तपासून घ्यायला हवीत. आमच्या मते पहिले विधान साध्या अंकगणितातच अडकते. दुसरे ज्या बेटांसाठी सांगितले जाते तिथेच सर्वांत लंगडे आहे. तिसरे मात्र थोडे सावकाश पाहायला हवे, कारण ते खोटे ठरल्याचा अनुभव आपल्याच देशातील एका द्वीपसमूहाने घेतला आहे आणि त्याची किंमत तिथल्या मासेमारांनी मोजली आहे.

त्याआधी नावाविषयी थोडेसे. 'गवत' हा शब्द रुळलेला आहे, म्हणून आम्हीही तोच वापरतो; पण ही वनस्पती गवत नव्हे आणि शैवालही नव्हे. मराठी मजकुरात सागरी गवत आणि समुद्रशैवाल यांची सर्रास अदलाबदल होते. शैवालाला खरी मुळे नसतात, फुले तर नसतातच. सागरी गवताला मूळ, जमिनीखाली आडवे वाढणारे मूलक्षोड, पाने, फुले, फळे, बिया असे सगळे असते. परागही पाण्यातूनच वाहत जातात. ही सपुष्प वनस्पती आहे. तिच्या पूर्वजांनी जमिनीवरून पुन्हा समुद्रात मुक्काम हलवला, आणि तोही एकदा नव्हे, किमान तीन वेळा स्वतंत्रपणे. २०१६ साली झोस्टेरा या सागरी गवताची जनुकीय संहिता वाचण्यात आली, तेव्हा पर्णरंध्रे घडवणारी जनुके तिने गमावल्याचे दिसले. पाण्यात बुडून राहणाऱ्या पानाला पर्णरंध्रांचा उपयोग तरी काय? नात्यागोत्याने पाहिले तर सागरी गवते ज्या गणात मोडतात त्याच गणात आपले अळू आणि सुरण येतात. दूर्वा आणि ज्वारी यांचा गण वेगळा. लक्षद्वीपमध्ये आढळणारी थॅलॅसिया ही तर शाळेच्या प्रयोगशाळेतील हायड्रिलाच्या कुलातलीच. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात परीक्षानळीत ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवताना तिची ही समुद्रातली चुलत बहीण वर्गाला जरूर सांगावी.

जगात सागरी गवताच्या सुमारे ७२ जाती आहेत. त्यांपैकी हॅलोफिला बेकारी ही लहानखुरी जाती आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांच्या चिखलातही आढळते. पण विस्तीर्ण कुरणे पाहायची तर मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, अंदमान किंवा लक्षद्वीप गाठावे लागते.

आता सात टक्के. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने २०२० साली 'आउट ऑफ द ब्ल्यू' नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. अहवाल म्हणून तो उपयुक्त आहे. सागरी गवताचे उपयोग, कायदे आणि व्यवस्थापन यांची इतकी माहिती एकत्र क्वचितच मिळते. मात्र दरवर्षी सात टक्के म्हणजेच अर्ध्या तासाला एक मैदान, हे समीकरण त्याच्यामुळे जगभर पसरले. नववीच्या विद्यार्थ्यालाही ते तपासता येईल. फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद धरले, तर क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर होते. वर्षात अर्धे तास किती? ३६५ गुणिले ४८, म्हणजे १७,५२०. गुणाकार केला की वर्षाला सुमारे १२५ चौरस किलोमीटर येतात. आता दुसरी बाजू. जगात तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक सागरी गवत असल्याचे तोच अहवाल सांगतो. तीन लाखांचे सात टक्के म्हणजे २१,००० चौरस किलोमीटर. एकाच वाक्यातील दोन आकड्यांत जवळजवळ १७० पटींचे अंतर आहे, आणि दोघांमध्ये 'म्हणजेच' हा शब्द बसलेला आहे!

चक्रवाढीचे सूत्र लावले तर घोटाळा आणखी उघडा पडतो. दरसाल सात टक्के घट म्हणजे दहा वर्षांत निम्मे. १९९० पासून हा दर खरोखर चालू असता, तर २०२० पर्यंत शंभर हेक्टरांतले जेमतेम अकरा हेक्टर उरले असते. तसे झालेले नाही.

मग हे सात टक्के आले कुठून? ते कोणी मनाने रचलेले नाहीत. मिशेल वेकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. वेगवेगळ्या ठिकाणच्या घटीच्या दरांचा मध्यक १९४० पूर्वी वर्षाला ०.९ टक्के होता, तो १९९० नंतर ७ टक्क्यांवर गेला, असे त्यांना आढळले. क्षेत्रफळाचा वेगळा हिशेब करता १९८० पासून वर्षाला सुमारे ११० चौरस किलोमीटर घट दिसली. मैदानाचा दाखला या दुसऱ्या आकड्यातून आला असावा. तो त्याच्याशी बऱ्यापैकी जुळतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत. गडबड झाली ती 'मध्यक' हा शब्द गळून पडल्यामुळे. मध्यक काढताना दोन हेक्टरांचा तुकडा आणि दोनशे चौरस किलोमीटरचे कुरण यांना सारखेच वजन मिळते. लहान तुकडा भराभर नाहीसा होतो आणि मध्यकाला वर ओढतो. त्याला जगाच्या एकूण क्षेत्राने गुणायचे नसते. मध्य आणि मध्यक यांतला फरक शिकवताना परीक्षेतल्या गुणांचे तेच ते उदाहरण द्यावे लागते, अशी शिक्षकांची तक्रार असते. त्यांच्यासाठी हे उदाहरण तयार आहे.

या आढाव्यातील आणखी एक गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. मोजलेली सर्व कुरणे मिळून ११,५९२ चौरस किलोमीटर होती, म्हणजे जगातील कुरणांचा एक लहानसा भाग. त्यातही बहुतेक मोजणी उत्तर अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरची. सागरी गवताच्या सर्वाधिक जाती हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिकच्या उष्ण पाण्यात आहेत, आणि तिथलीच मोजणी सर्वांत तोकडी. २०२१ साली जिलियन ड्यूनिक आणि सहकाऱ्यांनी नव्याने हिशेब मांडला, तेव्हा १८८० पासून मोजलेल्या क्षेत्रापैकी सुमारे १९ टक्के गवत गेल्याचे निघाले. सगळीकडे एकसारखी घट मात्र दिसली नाही. काही प्रदेशांत कुरणे सावरतानाही आढळली. घट खरी आहे आणि गंभीरही आहे. पण थंड समुद्रातल्या बंदरांशेजारी मोजलेला दर उचलून प्रवाळबेटांच्या माथी मारला, की त्या बेटांवर नेमके काय चालले आहे हे विचारण्याची गरजच कोणाला वाटत नाही. दराबरोबर कारणेही आयात होतात. सांडपाणी, गाळ, बंदरे, नांगर, यांत्रिक ओढजाळी अशी ठरलेली यादी छापली जाते. ही कारणे कित्येक ठिकाणी खरी आहेत. लक्षद्वीपच्या कुरणांत गेल्या दोन दशकांत जे घडले, ते मात्र या यादीत सापडणार नाही.

लक्षद्वीपचा भूगोल आधी डोळ्यांपुढे आणू. वस्तीची बेटे दहा, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. बहुतेक बेटे म्हणजे कंकणाकृती प्रवाळभिंतीच्या कडेवर साठलेली वाळू. भिंतीच्या आत उथळ, शांत पाण्याचे लगून असते. बाहेर लाटा फुटत असतात आणि आत दोन-तीन मीटर खोल पाण्यात, पांढऱ्या वाळूवर गवत उभे असते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील टी. जी. जगताप यांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून या कुरणांचे नकाशे तयार केले होते. तो अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. कुरणांत मुख्यतः दोन गवते. थॅलॅसिया हेम्प्रिची हे रुंद पानांचे, सावकाश वाढणारे, जाड मूलक्षोडात अन्न साठवणारे; आणि सायमोडोसिया रोटुंडाटा हे अरुंद पानांचे, झपाट्याने पसरणारे.

बेटांवरील लोकांचा व्यापारी धंदा ट्यूनाचा. तो समुद्रात गळाने पकडतात, आणि त्यासाठी लागणारे जिवंत आमिष म्हणजे बारीक मासे लगूनमधून मिळतात. घरच्या कालवणाचे मासेही बरेचसे लगूनमधलेच. म्हणून लगूनच्या तळाशी काय उगवते हा तिथे जेवणाच्या ताटाचा प्रश्न असतो.

हिरवे समुद्रकासव हे या कुरणांचे जुने रहिवासी. पूर्वी त्याची शिकार होत असे. त्याचे तेल लाकडी होड्यांना लावण्यासाठी वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्रकासवांच्या शिकारीस बंदी आली. पुढे होड्याही बदलल्या आणि तेलाची गरज उरली नाही. या शतकाच्या सुरुवातीला अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये हिरव्या कासवांची दाटी इतकी वाढली की तिची गणना जगातील मोठ्या दाटींमध्ये होऊ लागली. संरक्षणाचे हे यश होते, आणि ते तसे म्हणायला आमची हरकत नाही.

कासव चरते कसे, हे इथे समजून घेतले पाहिजे. ते पानाचे टोक खुडत नाही. बुडाशी चावा घेते, कोवळा भाग खाते आणि वरचे जून पान पाण्यावर तरंगत सोडून देते. काही दिवसांनी त्याच जागी परत येऊन नवे कोवळे पान खाते, कारण त्यात नायट्रोजन जास्त असतो. पानाची वाढ बुडाकडून होत असल्यामुळे गवत हे सोसते, जसे अंगणातले हरळीचे गवत कापणी सोसते. प्रत्येक वेळी नवे पान काढण्यासाठी लागणारे अन्न मूलक्षोडातल्या साठ्यातून येते. साठा भरून येण्याआधीच पुढचा चावा बसू लागला, की पाने आखूड होतात, मग झुपके विरळ होतात आणि शेवटी मूलक्षोड मरते. गायरानावर जनावरे जास्त झाली की काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

अगत्तीचे मासेमार त्या काळात तक्रार करू लागले. कासवे गवत खाऊन टाकतात, गवत गेले म्हणून मासे गेले, असे त्यांचे म्हणणे होते. जाळी फाटतात ही तक्रार वेगळीच. असल्या तक्रारींना आपल्याकडे ठरावीक उत्तर असते: लोकांमध्ये जागृती केली पाहिजे. लोकांनाच काही ठाऊक असेल आणि जागृतीची गरज उलट बाजूला असेल, ही शक्यता संवर्धनाच्या प्रचारसाहित्यात सहसा येत नाही.

म्हैसूरच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेतील रोहन आर्थर, स्पेनच्या तेरेसा अल्कोवेरो, अपर्णा लाल, नचिकेत केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तक्रार गांभीर्याने घेतली. त्यांनी आधी अगत्तीच्या कुरणात पिंजरे रोवले. पिंजऱ्याच्या जाळीतून पाणी, प्रकाश आणि लहान मासे येऊ शकत होते. कासव येऊ शकत नव्हते. जाळीच्या आत पाने लांब झाली आणि झुपक्यांची दाटी वाढली. बाहेर गवत कापल्यासारखे खुरटेच राहिले. पाण्याची क्षारता, तापमान, वाळू, सांडपाणी हे सगळे दोन्हीकडे सारखे असल्यामुळे दोष कोणाचा याविषयी शंका उरली नाही. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे शिकवण्यासाठी आम्हाला तरी यापेक्षा स्वच्छ उदाहरण सुचत नाही. चार काठ्या आणि जाळी एवढ्या साहित्यात वर्षानुवर्षांच्या वादाचा निकाल लागला.

पुढच्या टप्प्यात त्यांनी कासवांची दाटी कमीजास्त असलेल्या लगूनांची तुलना केली. जिथे दाटी मोठी, तिथे पानांच्या एकूण उत्पादनाचा सर्वांत मोठा वाटा कासवांच्या पोटात जात होता. सावकाश वाढणारी थॅलॅसिया हटत होती आणि चपळ सायमोडोसिया तिची जागा घेत होती. वरून पाहणाऱ्याला कुरण हिरवेच दिसेल. पण उंच, दाट कुरणात पिल्लांना लपायला जी जागा मिळते ती बोटभर खुरट्या गवतात मिळत नाही. माशांची मोजणी केली, तेव्हा चरून गेलेल्या कुरणांत मासे खरोखरच कमी निघाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की मासेमारांची समजूत निराधार नव्हती. कासव मासे खात नाही; ते माशांचे घर खाते. या दोन पायऱ्या मासेमारांनी उपकरणांशिवाय जोडल्या होत्या.

इथपर्यंत कोणी म्हणेल की एका बेटावरचा हा अपवाद आहे. तसे नाही. अगत्तीचे कुरण खंगले तेव्हा कासवे तिथे थांबली नाहीत. इतर लगूनांकडे वळली. कवरत्ती, कडमत अशा बेटांच्या कुरणांतही मग तोच क्रम दिसला. मयुरेश गंगल आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली या सगळ्या वर्षांची संगती लावली आणि द्वीपसमूहभर कुरणे एकामागून एक 'कार्यदृष्ट्या नामशेष' होत गेल्याचे दाखवले. हा शब्दप्रयोग नीट पाहावा. गवताची जात नष्ट झालेली नाही; शोधले तर काडी सापडेल. परंतु माशांना आसरा देणे, वाळू धरून ठेवणे ही जी कामे कुरण म्हणून ते करत होते, ती बंद पडली आहेत. जातींची यादी करून संवर्धनाचा हिशेब मांडणाऱ्यांच्या वहीत हे नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही.

लक्षद्वीपच्या बाहेरही साक्षी आहेत. अटलांटिकमधील बर्म्युडा बेटांवर कासवांना अडवणारे पिंजरे लावल्यावर असेच निष्कर्ष निघाले. इंडोनेशियातील देरावान बेटांच्या संरक्षित क्षेत्रात तर पाने संपल्यावर हिरवी कासवे वाळू उकरून मूलक्षोड खाऊ लागल्याची नोंद २०१४ साली झाली. मूलक्षोडच गेले तर पुन्हा फुटायचे कशातून? त्या अभ्यासकांचा इशारा होता की कुरण कोसळले तर ज्या कासवांसाठी क्षेत्र राखले, त्यांचेच हाल होतील.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे. जेरेमी जॅक्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्या दर्यावर्दींच्या नोंदींवरून दाखवले आहे की कोलंबसाच्या काळी कॅरिबियन समुद्रात हिरव्या कासवांची संख्या काही कोटींच्या घरात असावी. १५०३ साली केमन बेटांना त्याने कासवांवरूनच नाव दिले होते. तेव्हा आखूड, सतत चरले जाणारे कुरण हीच मूळ स्थिती असेल आणि आपण ज्याला निरोगी कुरण म्हणतो ते उंच गवत म्हणजे कासवे मारून टाकल्यानंतरची विकृती असेल. हा युक्तिवाद आम्हाला मोलाचा वाटतो. 'मूळ निसर्ग' म्हणून आपण जे चित्र मनात धरतो ते बहुधा आपल्या आजोबांच्या काळापलीकडे जात नाही, हे त्यामुळे कळते. लक्षद्वीपला मात्र तो जसाच्या तसा लागू होत नाही. कॅरिबियनमध्ये कासवांना फिरायला प्रचंड कुरणे होती. अगत्तीचे अख्खे लगून साडेसतरा चौरस किलोमीटरच्या आसपास आणि त्यातही गवत काही भागातच. शिवाय त्या जुन्या समुद्रात आणखी एक प्राणी होता, ज्याला आपण हिशेबातून वगळतो: शार्क.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील शार्क बे येथे मायकेल हाइथॉस यांच्या गटाने वर्षानुवर्षे पाहिले आहे की टायगर शार्कच्या वावराप्रमाणे कासवे चरण्याच्या जागा बदलतात. धडधाकट कासव धोक्याच्या काळात कुरणाचा मधला, चांगल्या चाऱ्याचा भाग सोडून निसटायला सोप्या अशा कडेला राहते. हडकुळे झालेले कासवच जिवावर उदार होऊन मध्ये शिरते. शार्क किती कासवे खातो यापेक्षा त्याच्या भीतीने कुरणाला किती विसावा मिळतो, हे महत्त्वाचे ठरते. जगभर मोठ्या शार्क माशांची बेसुमार पकड झाली आहे. कासवाला मारणारा माणूस कायद्याने दूर केला आणि कासवाला धाक घालणारा शार्क मासेमारीने दूर झाला. अशा लगूनमध्ये कासवांवर बंधन कोणाचे? उरते ते फक्त चाऱ्याचे, आणि ते बंधन चारा संपल्यावरच जाणवते.

म्हणून भित्तिपत्रकावरचे तिसरे विधान आम्हाला सर्वांत जास्त खटकते. कासव आणि कुरण यांचे नाते तिथे नवरा-नवरीच्या फोटोसारखे दाखवतात. कोकणात वेळासच्या किनाऱ्यामुळे कासव संवर्धनाचे काम घराघरांत पोचले, ही गोष्ट अभिमानाची आहे. वेळासला येणारी कासवे ऑलिव्ह रिडले जातीची असतात आणि ती खेकडे, गोगलगायी, जेलीफिश असे खातात. तिथला धडा लक्षद्वीपला चिकटवता येत नाही, हे सांगण्याचे काम कोणीतरी करायला हवे. कासवे मारावीत असे आम्ही सुचवत नाही. हिरव्या कासवाचे संकट जगात अनेक ठिकाणी खरे आहे आणि त्याचे संरक्षण उठवण्याचे काही कारण नाही. पण एका प्राण्याचे संरक्षण म्हणजे परिसंस्थेचे संरक्षण, हे समीकरण चुकीचे आहे.

दुसरे विधान थोडक्यात उरकू. पस्तीस पट हा आकडा एकूण शोषणाचा नसून दर हेक्टरी गाळात गाडल्या जाणाऱ्या कार्बनाच्या वेगाचा आहे, आणि सागरी गवताच्या कार्बनसाठ्याचे सर्वांत ठळक दाखले भूमध्य समुद्रातील पॉसिडोनियाच्या, हजारो वर्षांत साठलेल्या जाड थरांचे आहेत. प्रवाळबेटांची वाळू वेगळी. ती कॅल्शियम कार्बोनेटची असते आणि अकरावीच्या रसायनशास्त्रात येणारी अभिक्रिया इथे आडवी येते: एक कॅल्शियम आयन आणि दोन बायकार्बोनेट आयन मिळून एक कॅल्शियम कार्बोनेट, एक पाणी आणि एक कार्बन डायऑक्साइड. म्हणजे कुरणात राहणारे शंखशिंपले आणि चुनखडी शैवाल जितके कार्बोनेट घडवतात, तितका कार्बन डायऑक्साइड सुटतो. फ्लॉरिडाच्या उपसागरातील कुरणांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा हिशेब मांडला, तेव्हा गाडलेल्या कार्बनाचा फायदा त्यात बुडू शकतो असे दिसले. उलट काही ठिकाणी कार्बोनेट विरघळतेही, आणि मग हिशेब पुन्हा फिरतो. बेटाबेटावर उत्तर वेगळे येईल. ज्या बेटवासीयांना कुरण हवे आहे ते माशांसाठी आणि किनाऱ्याच्या वाळूसाठी. ही कारणे पुरेशी असताना त्यांच्या गळ्यात कार्बनाचे कमजोर कारण कशासाठी अडकवायचे, हे आम्हाला उमगत नाही.

मग लक्षद्वीपमध्ये करायचे काय? कायदा बदलून हा प्रश्न सुटणार नाही आणि नुसता कायदा राबवूनही सुटणार नाही. पिंजऱ्यांनीच एक वाट दाखवली आहे. प्रत्येक लगूनमध्ये थोडे तुकडे, विशेषतः थॅलॅसिया अजून उभी आहे असे, जाळीने राखून ठेवता येतील. कासवे दुसरीकडे वळली की आसपासच्या वाळूवर गवत पुन्हा पसरण्यासाठी तेच बियाणे ठरेल. आपल्याकडे कुरणाचा भाग पाळीपाळीने चराईला बंद ठेवण्याची रीत आहे, तसेच हे. मात्र कोणते तुकडे राखायचे, त्या जागी जाळी टाकणे किती दिवस बंद ठेवायचे आणि जाळीची निगा कोणी राखायची, हे मासेमारांना विचारल्याशिवाय ठरवले तर पहिल्याच पावसाळ्यात पिंजरे वाहून जातील. शार्कच्या पकडीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तो एका लगूनच्या हद्दीत मावत नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना. पुढच्या १ मार्चला भित्तिपत्रक करायचे असेल, तर शाळेच्या आवारात हिरवळीचा तुकडा निवडून त्यावर आताच हातभर लांबी-रुंदीचे जाळीचे खोके उपडे घालावे. बाहेरची हिरवळ शेळ्यांनी खाल्ली तर उत्तमच. नाहीतर मुलांनी दर आठवड्याला ती बुडापासून कातरावी आणि आत-बाहेरच्या दहा-दहा पानांची लांबी मोजून वहीत लिहावी. मध्य आणि मध्यक दोन्ही काढावेत. खोक्याबाहेर हरळी आहे की रुंद पानांचे दुसरे काही, तेही नोंदवावे. काही महिन्यांनी तिथे दुसरीच जात माजलेली दिसण्याचा संभव आहे.